ॲव्हरेज नको, किलोमीटर सांगा

भाऊबीजेला ताई (माझ्या नणंदबाई) आणि भावजी (माझे दीर) दोघंही आमच्याकडे होते. जेवणं झाली, पानं उचलली गेली आणि विषय गाडीवर आला. ताईंना गाडी बदलायची आहे. भावजींनी गुढीपाडव्याला हायब्रिड घेतली, आणि तेव्हापासून ते त्या गाडीचे बिनपगारी सेल्समन झालेत. "ताई, डोळे झाकून हायब्रिड घे. पेट्रोलपंपाचा रस्ता विसरशील!"

मी 19 वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढलीत. 'डोळे झाकून' म्हटलं की माझा हात कॅल्क्युलेटरकडे जातो. त्या रात्री जो हिशेब मांडला तो इथे देतेय, कारण ऑफिसातही रोज कुणीतरी हेच विचारतं.

आधी एक खुलासा. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर असलेली गाडी, आणि इथे मी बोलतेय ती स्ट्राँग हायब्रिडबद्दल. मागे 'स्मार्ट हायब्रिड' असा बिल्ला असलेल्या गाड्या 2015 च्या सियाझपासून रस्त्यावर आहेत. त्यातली मोटर इंजिनाला थोडा हात देते, एकटी गाडी ओढत नाही. स्ट्राँग हायब्रिड कमी वेगात निव्वळ बॅटरीवर चालते. बॅटरी मात्र अगदी चिमुकली. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या हायब्रिड गाड्यांमध्ये ती 0.76 किलोवॉट-तासांची आहे, नेक्सॉन ईव्ही या पूर्ण इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी 45 ची. म्हणजे साठावा हिस्सा. ही बॅटरी भरते पेट्रोलनेच, आणि ब्रेक मारताना जी ऊर्जा एरवी उष्णता होऊन वाया गेली असती तिच्यातून. फुकट काही येत नाही, वाया जाणारं थोडं परत मिळतं. वाया कुठे जातं? सिग्नलला, जॅममध्ये, दर पन्नास मीटरवर ब्रेक दाबताना. म्हणून हायब्रिडची कमाई शहरात. हायवेवर एकसारख्या वेगात ब्रेकच लागत नाही, तर परत काय मिळणार? आणि ताम्हिणी उतरताना ही एवढीशी बॅटरी काही वळणांतच भरते, पुढच्या उतारावरचं वायाच.

भावजींनी लगेच मोबाइल काढला. स्क्रीनचा फोटो: 61 टक्के इलेक्ट्रिक! मी विचारलं, "वेळेचे टक्के की अंतराचे?" नीट पाहिलं तर वेळेचे. पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला तीन मिनिटं इंजिन बंद करून उभं राहिलं तरी तेही त्यात धरलेलं. ॲव्हरेज बघायचं तर टाकी फुल ते टाकी फुल. ऑटो कटला (पंपाची नळी आपोआप बंद होते तिथे) थांबायचं, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा ऑटो कटपर्यंत भरून लिटरने भागायचं. स्क्रीनवर विसंबायचं नाही.

भावजींचं एक कौतुक आहे, पंपाच्या पावत्या ते जपून ठेवतात. (आमच्याकडे याच्या उलट कारभार. असो.) सात महिन्यांच्या पावत्यांवरून शहरात 22 आणि हायवेला 21 निघालं. कागदावरचा आकडा 27.97 असतो, पण तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा. तिथे कर्वे रोड नाही. माझ्या एका सहकाऱ्याकडे याच वर्गातली साधी पेट्रोल ऑटोमॅटिक आहे, तिला शहरात 12 आणि हायवेला 17 मिळतं. पेट्रोल 104 रुपये धरलं.

शहरात साधी गाडी किलोमीटरला 8 रुपये 67 पैसे खाते, हायब्रिड 4 रुपये 73 पैसे. बचत 3 रुपये 94 पैसे. हायवेला हीच बचत 1 रुपया 17 पैशांवर येते. एकच गाडी, एकच ड्रायव्हर, आणि रस्ता बदलला की बचत तिपटीहून जास्त घटते. "हायब्रिड परवडते का?" या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही.

आता जास्तीचे पैसे किती मोजले? साधी ऑटोमॅटिक आणि हायब्रिड यांच्या कोटेशनमध्ये शोरूमच्या किमतीतच अडीच लाखांचा फरक होता. त्यावर रोड टॅक्स. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला तो 12 टक्के आहे आणि हायब्रिडही त्यातच येते. म्हणजे आणखी 30 हजार. झाले 2 लाख 80 हजार. इन्शुरन्सचा फरक सोडून देते. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तिथे तेव्हा हे गणित बरंच सोपं झालं. आपल्याकडे सवलती इलेक्ट्रिकला: अटल सेतू, एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर त्यांना टोल नाही, हायब्रिडला आहे. जीएसटीतही तेच. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी अशा हायब्रिडवर 43 टक्के आणि त्याच वर्गातल्या दीड लिटरच्या पेट्रोल गाडीवर 45 टक्के कर होता. आता दोघांवरही 40. इलेक्ट्रिकवर 5. पेट्रोल आणि हायब्रिड दोन्ही स्वस्त झाल्या, पण हायब्रिडला जी दोन टक्क्यांची सवलत होती ती गेली. सरकारच्या लेखी ती पेट्रोलचीच गाडी आहे.

भावजींचं रनिंग बघा. तीन दिवस घरून काम, दोन दिवस कोथरूड ते खराडी. वर्षाला शहरात 4,000 किलोमीटर. माझ्या जावेचं माहेर कोल्हापूर, शिवाय कोकणाच्या फेऱ्या, असे हायवेचे 5,000. बचत वर्षाला साधारण 21,600 रुपये. 2 लाख 80 हजार वसूल व्हायला 13 वर्षं!

पण पैसे तरी कुठे रोख होते? गाडी कर्जावर. 9 टक्क्यांनी, पाच वर्षांत, या जास्तीच्या रकमेवरच जवळजवळ 69 हजार व्याज जातं. पहिल्या वर्षी तर व्याज पेट्रोलच्या बचतीच्या आसपासच येतं. म्हणजे पंपावर वाचवायचं आणि बँकेत आणून भरायचं. (आमच्या शाखेचं टार्गेट पूर्ण होतंय, माझी तक्रार नाही.) व्याज धरलं की 16 वर्षं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पैसे वसूल व्हायच्या आधीच भावजींना फेरनोंदणीसाठी आरटीओत उभं राहावं लागेल.

विकताना हायब्रिडला चार पैसे जास्त येतील, हे मला मान्य आहे. पण लाखभर जास्त आले तरी 16 चे साडेअकरा होतात, 5 होत नाहीत.

भावजी जरा हिरमुसले. मग म्हणाले, "वहिनी, सिग्नलला ती जी शांतता असते ना, तिचे किती धरलेत?" धरले नव्हते. त्यांच्या गाडीत मी बसलेय, चांदणी चौकात खरंच पंख्याचासुद्धा आवाज येत नव्हता. हौस म्हणून घेतली असेल तर माझा आक्षेप नाही. फक्त तिला बचत म्हणू नका, आणि ताईंना 'पैसे वाचतील' म्हणून विकू नका.

गंमत अशी की ताईंच्या बाबतीत भावजींचा सल्ला बरोबर निघाला. कारण मात्र त्यांचं नव्हे.

ताई ठाण्याला राहतात, ऑफिस अंधेरीला. पवईच्या रस्त्याने जाऊन-येऊन रोज 50 किलोमीटर आणि त्यातला बराचसा वेळ पहिल्या गिअरमध्ये. वर्षाला 16,000 किलोमीटर, जवळपास सगळे शहरातले. बचत 63 हजार. व्याजासकट साडेपाच वर्षांत वसूल. बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी असते. आठ वर्षांत त्यांचं रनिंग 1,28,000 होईल, म्हणजे वसुलीनंतरही अडीच वर्षं वॉरंटी शिल्लक.

त्यातही एक मेख आहे. हायब्रिड बहुतेक वरच्या व्हेरियंटमध्येच मिळते. सनरूफ आणि काय काय गळ्यात पडतं. ताईंना गुडघ्यामुळे ऑटोमॅटिक हवीच होती आणि वरचं व्हेरियंटही हवं होतं. म्हणून त्यांच्यासाठी फरक अडीच लाखांचा. माझ्यासारखीला, जिला बेसिक मॅन्युअल पुरतं, तो फरक दुप्पट पडेल, आणि मॅन्युअलचं ॲव्हरेजही जरा बरं. तेव्हा हायब्रिडची तुलना शोरूमवाला दाखवेल त्या गाडीशी करू नका. हायब्रिड नसतीच तर तुम्ही जी घेतली असती, तिच्याशी करा.

एवढं होऊनही मी ताईंना हायब्रिड हा दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय सांगितला. रोज ठरावीक 50 किलोमीटर, रात्री गाडी घरी, असं रनिंग इलेक्ट्रिकसाठीच असतं. घरच्या चार्जिंगवर किलोमीटरला दोन रुपयांच्या आत काम होतं. अडचण सोसायटीची. पार्किंग आहे, चार्जिंग पॉइंटला परवानगी नाही. कमिटीचं म्हणणं, एकाला दिलं तर सगळे मागतील. (मागू देत की!) दोन वर्षं विषय लोंबकळतोय.

ताईंनी परवा हायब्रिड बुक केली. त्याआधी टोकनचे पैसे परत मिळतात का, ते विचारून घेतलं, कारण पुढच्या रविवारी सोसायटीची सभा आहे आणि चार्जिंगचा विषय पुन्हा अजेंड्यावर आलाय.