खारं पाणी मिळेल का, खारं?

नेदरलँड्समध्ये ट्रेनमधून लोक सायकल नेतात, कुत्रा नेतात, कधी कधी अख्खी शिडी नेतात. कुणी मान वर करून बघत नाही. पण चौऱ्याहत्तर वर्षांचा एक माणूस पंच्यात गुंडाळलेला नारळ मांडीवर घेऊन, त्याला तान्ह्या पोरासारखा थोपटत बसला, की समोरची बाई पुस्तक मिटते.

दोष माझाच. नारळी पौर्णिमा शनिवारी आली होती आणि बाबा आमच्याकडे, अॅमस्टरडॅमजवळच्या आम्स्टलव्हेनला होते. बाबांचं उभं आयुष्य वेंगुर्ल्यात गेलं, त्यातली तीस-पस्तीस वर्षं बंदर खात्यातल्या कारकुनीत. दर्याला नारळ दिल्याशिवाय त्यांची पौर्णिमा सरत नाही. "झांडवोर्टला जा, अर्ध्या तासावर समुद्र आहे," असं बायको म्हणाली होती. मी म्हटलं, तिथे नुसती वाळू आणि उघडी माणसं. बाबांना मी खरंखुरं जुनं डच बंदर दाखवणार. एंकहाउझन! हेरिंग माशाचं गाव, डच ईस्ट इंडिया कंपनीचं गाव! बायकोनं माझ्याकडे फक्त पाहिलं आणि "मला घरून काम आहे" म्हणाली. शनिवारी.

स्टेशनवर पहिला घोळ झाला. इथे आत शिरताना खांबाला कार्ड टेकवायचं आणि उतरल्यावर परत टेकवायचं. बाबांनी कार्ड टेकवलं, यंत्र किणकिणलं. त्यांना ते देवळातल्या घंटेसारखं वाटलं असावं, कारण त्यांनी भक्तिभावानं पुन्हा टेकवलं. म्हणजे प्रवास सुरू होण्याआधीच संपला. मग तिसऱ्यांदा. नारळ माझ्या हातात होता.

अॅमस्टरडॅमहून तासाभरात गाडी एंकहाउझनला पोचते. तिथे रूळच संपतात आणि स्टेशनातून बाहेर पडलं की थेट धक्का. डोलकाठ्यांचं रान, तपकिरी शिडांची जुनी गलबतं, सीगलांचा कलकलाट आणि पुढे नजर पोचेल तिथवर पाणी. माझी छाती फुगली. बाबांनी छत्री उघडली, वाऱ्यानं ती तत्काळ उलटी केली. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, दिवसा इकडून, रात्री तिकडून. इथल्या वाऱ्यानं ते पुस्तक वाचलेलं नाही. तो एकाच वेळी चारी बाजूंनी येतो. ऑगस्ट असूनही बाबांनी माकडटोपी घातली आणि डोळे सोडून सगळं झाकलं.

मग नाक वर करून त्यांनी वास घेतला. दोनदा घेतला.

"दर्याचो वास येणा नाय," ते म्हणाले.

"वारा उलटा आहे, बाबा."

ते धक्क्याच्या पायऱ्या उतरले, बोट बुडवलं आणि चाखलं. माकडटोपीतून दोन डोळे माझ्याकडे वळले.

"मेल्या, पाणी गोडा आसा."

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण परीक्षेत पाठ केलेलं माहीत असतं तसं. एके काळी इथे झाउडरझे, म्हणजे दक्षिण समुद्र, होता. 1916 साली मोठा पूर आला, आणि मग या लोकांनी ठरवलं की हा समुद्र फार त्रास देतो, याला दार लावू. लेली नावाच्या अभियंत्याचा आराखडा तयारच होता. उत्तरेला बत्तीस किलोमीटरचा बांध घातला, 28 मे 1932 ला शेवटची फट बुजवली आणि समुद्राचं तळं झालं. आयसल नदीचं पाणी येत राहिलं, मीठ ओसरत गेलं. बंदर होतं तिथेच राहिलं, त्याच्यासमोरचा समुद्र तेवढा रद्द झाला.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर बसून ऐकत होते.

"भरती किती वाजता?"

"भरती नसते आता. पाण्याची पातळी सरकारी खातं ठरवतं. उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी."

ज्या माणसानं आयुष्यभर भरती-ओहोटीची कोष्टकं फळ्यावर लिहिली, त्याला हे ऐकवायला नको होतं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तळ्याक नारळ कोण देता?"

शेजारच्या लाकडी बोटीवर एक डच आजोबा दोरखंड गुंडाळत होते. त्यांनी नारळ बघितला आणि विचारलं, हे काय? मी दुभाषी झालो. पावसाळा संपत आला की आम्ही समुद्राला हे देतो, शांत हो म्हणून. आजोबांनी मान डोलावली. "आम्हाला आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "आम्ही त्याच कामासाठी बांध घातला." त्यांचे आजोबा झाउडरझेत हेरिंग धरायचे. बांधानंतर हेरिंग येईनाशी झाली, ते ईल मासे धरायला लागले आणि मरेपर्यंत कुरकुरत राहिले. बाबांना हे फार पटलं. "आणि लोकांनी बंद करूक दिल्यानी?" त्यांनी विचारलं. मी भाषांतर केलं. डच आजोबांनी खांदे उडवले. दोन म्हातारे गोड्या पाण्याकडे बघत, माझ्या डोक्यावरून एकमेकांना समजत होते.

खारं पाणी कुठे मिळेल, हेही मी विचारून घेतलं. बांधापलीकडच्या समुद्रात, वाडनझेमध्ये. इथून थेट ट्रेन? नाही. गाडी आहे का? नाही. मग अवघड आहे, असं म्हणून त्यांनी पुन्हा दोरखंड हातात घेतला.

भूक लागली होती. या गावाच्या मानचिन्हावर मुकुट घातलेल्या तीन हेरिंग आहेत, तेव्हा हेरिंग खाल्लीच पाहिजे असं मी जाहीर केलं. गाडीवाल्यानं मासा समोर साफ केला, त्यावर चिरलेला कच्चा कांदा पसरला आणि कागदी तबकात दिला. बाबा वाट बघत राहिले. मी म्हटलं, खा.

"शिजवूक इसारले?"

"असाच खातात. मिठात मुरवलेला असतो."

त्यांनी शेपटीला धरून मासा उजेडात फिरवला, पोलिसांनी चोरीचा माल बघावा तसा. "ही आमची तारलीच," त्यांनी निकाल दिला, आणि दोन्ही मासे खरोखर नात्यातले आहेत. मग त्यांनी कांदा तेवढा खाल्ला. मासा मी खाल्ला. पुढे दिवसभर मी बोललो की बाबा तोंड फिरवत होते.

बंदराच्या तोंडाशी ड्रोमेडारिस नावाचा 1540 सालचा जाडजूड बुरूज आहे. त्याच्या शेजारच्या उचलत्या पुलापाशी आम्ही पोचायला आणि पूल वर जायला एकच गाठ पडली. एक शिडाचं गलबत आलं, मग दुसरं, मग ज्याला घाई अशी काही नव्हतीच असं तिसरं. तेवढ्यात बाबांना निकड लागली. पूल खाली आला, धावत एका जागी पोचलो, तर तिथे पैसे. एक युरो.

"म्हणजे शंभर रुपये?" बाबा थबकले. "मुतूक?"

"बाबा, चला."

"वेंगुर्ल्यात शंभर रुपयांत..." पुढचं मी ऐकलं नाही. यंत्रात नाणं टाकून त्यांना आत ढकललं. नारळ माझ्या हातात होता.

मनधरणीसाठी मी त्यांना पेपरहाउसकडे नेलं. मिऱ्याचं घर, कंपनीचं जुनं कोठार. आता ते झाउडरझे संग्रहालयाचा भाग आहे. समुद्र होता तोवर संग्रहालयाची गरज नव्हती, हा भाग वेगळा. तिथे मी माझा हुकमी एक्का काढला. म्हटलं, बाबा, या गावात वाढलेला यान हाउखेन फान लिन्सखोटन नावाचा पोरगा 1583 साली गोव्याला आला. आर्चबिशपचा कारकून म्हणून.

"कारकून?" बाबांनी माकडटोपी वर केली.

पाच-एक वर्षं राहिला. आंबे, फणस, माडाचं झाड, लोकांचे रीतिरिवाज, सगळं टिपून घेतलं. पोर्तुगीज सागरी वाटा कुणाला दाखवत नसत, यानं त्याही उतरवून आणल्या आणि परत येऊन छापल्या. मोठा ग्रंथ 1596 साली आला. डच जहाजं त्या वाटांनी निघाली, 1602 मध्ये ईस्ट इंडिया कंपनी झाली, आणि 1637 मध्ये ती मंडळी वेंगुर्ल्याला येऊन टेकली. गोव्यावर डोळा ठेवायला.

"म्हणजे आपली वखार..."

"ह्याच लोकांची."

वेंगुर्ल्याची डच वखार बाबांना पाठ आहे. तिथल्या पडक्या भिंतींमध्ये ते लहानपणी लपाछपी खेळले. छप्पर नाही, भिंतींतून झाडं उगवलेली. बाबांनी पेपरहाउसकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. विटा ताठ, खिडक्या रंगवलेल्या, कुठे पानसुद्धा उगवलेलं नाही.

"विचार तेंका," ते म्हणाले, "आमच्या वखारीचा छप्पर कधी घालतत?"

मी कुणाला विचारणार? तिकीट खिडकीतल्या मुलीनं हसून विचारलं, दोन का? मी म्हटलं, दोन. बाबा म्हणाले, एका कारकुनाक अर्धा तिकीट घेवक होया. आत जाताना नारळाची पिशवी लॉकरमध्ये ठेवावी लागली. त्या लॉकरलाही नाणं लागलं.

परतीच्या गाडीत बाबा नारळ मांडीवर घेऊन झोपले. वाटेतलं होर्न गाव आलं, गेलं. घरी पोचलो तेव्हा बायकोनं आमच्याकडे बघितलं, नारळाकडे बघितलं आणि एक शब्द बोलली नाही, जे जास्त लागलं. निदान नारळीभात तरी होईल म्हणून तिनं गूळ काढला, बाबांनी बाल्कनीच्या उंबऱ्यावर नारळ फोडला.

आतून काळा. पाण्याला असा वास की शेजारच्यांनी खिडकी लावली.

बाबांनी दोन्ही करवंट्या शांतपणे कचऱ्याच्या पिशवीत घातल्या आणि हात धुतले.

"बरा झाला," ते म्हणाले, "दर्याक दिलो नाय तो."