हाताला गुण, पाचापैकी ४.९

पूर्वी शेजारच्या काकू सांगायच्या, ‘त्यांच्याकडेच जा, हाताला गुण आहे.’ पाचापैकी किती, हे काकूंना कधी सांगता आलं नाही. आता तुमची सोय झाली आहे. अंग तापलं की थर्मामीटर नका शोधू, मोबाइल उघडा, डॉक्टरांचे ऑनलाइन रिव्ह्यू काढा आणि ४.५ ताऱ्यांच्या खालच्या डॉक्टरकडे ढुंकूनही पाहू नका.

रिव्ह्यू वाचताना आधी पार्किंगचं वाचा. मग एसी, मग रिसेप्शनवरच्या मुलीचा स्वभाव. निदान बरोबर होतं का, याबद्दल सहसा कुणी काही लिहीत नाही, म्हणजे ते एवढं महत्त्वाचं नसणार.

‘गेल्या गेल्या सलाइन लावलं, दुसऱ्या दिवशी ठणठणीत’ असं दिसलं की तिथेच जा. ‘नुसती पॅरासिटामॉल दिली, तीन दिवस वाट पाहा म्हणाले, फी फुकट गेली’ असं दिसलं तर तिकडे फिरकू नका. व्हायरल तापाला अँटिबायोटिक लागू पडत नाही, हा विषाणूचा आणि डॉक्टरचा आपसातला मामला. पैसे तुम्ही मोजलेत, पिशवीभर औषधं मिळायलाच हवीत. शिवाय सर्दी आठ दिवसांत आपली आपण बरी होते आणि तारे मिळतात ते जास्त गोळ्या देणाऱ्याला. डॉक्टरही माणूसच. एकदा एक तारा पदरात पडला, की पुढच्या पेशंटला तो न मागता सलाइन लावतो.

आमच्या भागातल्या डॉक्टरीणबाईंना मिळालेत ३.६. ‘तंबाखूवरून सगळ्यांसमोर झापलं,’ असं एकाने लिहिलंय. ‘अहो, तुम्ही गोळ्या तरी घेतल्यात का?’ असं बाई खाली लिहू शकत नाहीत, कारण पेशंटची गोष्ट गुप्त ठेवायचं बंधन त्यांच्यावर आहे. तुमच्यावर कसलंच नाही, तेव्हा बिनधास्त लिहा.

एका आठवड्यात तीस रिव्ह्यू आले आणि सगळ्यांत ‘बेस्ट डॉक्टर, पोलाइट स्टाफ’ असेल तर शंका घेऊ नका, साथ असेल. डॉक्टरांनी लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत, पेशंटकडे रिव्ह्यू मागू नयेत, अशी नियमावली नॅशनल मेडिकल कमिशनने ऑगस्ट २०२३मध्ये काढली होती. त्याच महिन्यात ती स्थगितही झाली. (सलाइनशिवाय इतक्या लवकर आराम पडल्याचं हे एकच उदाहरण.)

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरची नोंदणी तपासता येते म्हणे. पण तिथे तारे नसतात.

आणि छातीत कळ आली तर मात्र अजिबात घाई करू नका. १०८ची गाडी दाराशी आली तरी ड्रायव्हरला पाच मिनिटं थांबवा. तो सरळ जवळच्या हॉस्पिटलात नेईल, आणि तिथे पार्किंग नाही.