चिंचोके, सिकल आणि आशाताई : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा रागच आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता परत वाचली, तेव्हा त्यातलं खरं काय ते दिसायला लागलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सिकलसेल या आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा रिपोर्ट लोकांना समजावून कसा सांगायचा, याचं प्रशिक्षण आशाताई आणि एएनएम सिस्टरना पुरेसा वेळ काढून द्यावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर डॉक्टरसाहेबांचं म्हणणं असं, की आनुवंशिक आजाराचं समुपदेशन हे तज्ज्ञाचं काम आहे, दहावी शिकलेल्या बाईच्या हाती ते दिलं तर ‘अर्धवट ज्ञानाने लग्नं मोडतील’. शिवाय आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे. आणि लेखात एक शास्त्रीय चूकही आहे.

चुकीपासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ‘नवरा-बायको दोघंही सिकलवाहक असतील तरच बाळाला धोका’ असं मी लिहून बसले. (वाहक म्हणजे आई-बापापैकी एकाकडूनच सिकलचा अंश आलेला, स्वतः निरोगी माणूस.) एक जण सिकलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्याच दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचा, वाहक असेल, तरी बाळाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो. आणि थॅलेसेमियाचा वाहक शिबिरातल्या पहिल्या, सोल्युबिलिटी टेस्टमध्ये सापडत नाही, कारण ती टेस्ट फक्त सिकलचं हिमोग्लोबिन शोधते. म्हणजे वाहक बाईच्या नवऱ्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणून ‘सुटलो’ म्हणता येत नाही. त्याचीही एचपीएलसी, म्हणजे रक्तात कोणकोणतं हिमोग्लोबिन आहे ते दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणी, करायला हवी. लेखात दुरुस्ती केली आहे. गडचिरोली-चंद्रपूर भागात आरोग्य सेविका आणि पुढे सहायिका म्हणून माझी तीस वर्षं गेली, पण एकाही प्रशिक्षणात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही माझी चूक दाखवलीत आणि नकळत माझ्याच मागणीला जोर दिलात.

आता लग्नांचं. तुमच्या मनात चित्र असं दिसतं की आज समुपदेशन तज्ज्ञ करतात आणि उद्या आम्ही ते आशाताईकडे द्यायला निघालोय. साहेब, गावात काय होतं ते बघा. शिबिरात बोटाला टोचून रक्ताचा थेंब ट्यूबमधल्या द्रावणात टाकतात आणि थोड्या वेळाने ट्यूब रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. एवढ्यावर माणूस वाहक आहे की आजारी, म्हणजे एएस की एसएस, ते कळत नाही. त्यासाठी नमुना एचपीएलसीला किंवा इलेक्ट्रोफोरेसिसला जातो. पण ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द त्याच दिवशी गावभर झालेला असतो. मधल्या काळात पोरीची आई कोणाच्या दारात जाते? तालुक्याला तज्ज्ञ नाही, जिल्ह्याला असला तर भेटत नाही. ती जाते आशाताईकडे. पुढे रिपोर्टाचं कार्ड येतं, तेही आशाताईच्याच हातून. म्हणजे समुपदेशन ती आजही करतेच आहे, फक्त काय बोलायचं ते तिला कुणी शिकवलेलं नाही.

आणि अर्धवट ज्ञानाचा शिक्षणाशी फार संबंध नसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका गावात (नाव सांगत नाही) तपासणीनंतर सभेत रजिस्टर उघडून पॉझिटिव्ह नावं मोठ्याने वाचली गेली. वाहक कोण, आजारी कोण, कसलाही फरक नाही. त्यातल्या एका मुलीची सोयरीक महिन्याभरात मोडली. नंतरच्या रिपोर्टात ती एएस निघाली, म्हणजे अंगाने ठणठणीत. नावं वाचणारी आशाताई नव्हती, चांगला पदवीधर साहेब होता. आशाताई मागे बसून पदराआडून ‘नका वाचू’ अशी खूण करत होती.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत १९७२ साली सिकलसेलसाठी खास कायदा झाला, काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली आणि वाहक व रुग्ण यांची गल्लत होऊन निरोगी वाहकांना नोकरी आणि विम्यात त्रास झाला. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीत सिकलवाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावाचा किस्सा तर आपल्या जास्त जवळचा, कारण तिथेही लग्नं ठरवून व्हायची. गावाची तपासणी केली, वाहकांनी वाहकांशी लग्न करू नये म्हणून सांगितलं. काही वर्षांनी संशोधक परत जाऊन बघतात, तर वाहकांवर शिक्का बसलेला, काहींनी स्थळाकडे गोष्ट लपवलेली आणि वाहक-वाहक लग्नं जवळपास पूर्वीइतकीच. तपासणी नीट होती, सांगण्यात घोळ झाला.

आपल्याकडे १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. शून्य ते ४० वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा. तपासलेल्यांचे आकडे भराभर वर जातात, ते रोज वर कळवायचे असतात. समजावून सांगितलं किती जणांना, हा रकाना मला कुठे दिसला नाही.

शिकवायचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. डीएनएची शिडी आणि गुणसूत्रांची चित्रं नकोत. मी ती दाखवून बघितली आहेत, जेवणानंतरच्या सत्रात अर्धा वर्ग पेंगतो. खरी अडचण ‘चारात एक’ या दोन शब्दांत आहे. नवरा-बायको दोघं एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक, हे आम्ही सगळे तोंडपाठ म्हणतो. एका ट्रेनिंगमध्ये एक आशाताई शांतपणे म्हणाली, “मॅडम, मंग पहिलं पोरगं एसएस झालं तं पुढचे तीन बिनधास्त ना?” वर्गातल्या बऱ्याच माना तिच्या बाजूने हलल्या. म्हणजे इतकी वर्षं गावात आम्ही हेच पोचवलं होतं!

दुसऱ्या दिवशी मी चिंचोके घेऊन गेले. तीस जणी होत्या, दोघी-दोघींच्या पंधरा जोड्या केल्या. प्रत्येकीच्या हातात एक पिशवी, पिशवीत दोन चिंचोके, एक साधा आणि एक चुन्याचा ठिपका लावलेला. दोघींनी न बघता आपापल्या पिशवीतून एकेक काढायचा. दोन्ही ठिपक्याचे आले तर बाळ एसएस. लिहून ठेवायचं, चिंचोके परत पिशवीत टाकायचे, हलवायचं आणि पुढचं बाळ. अशी प्रत्येक घरात चार बाळं. शेवटी फळ्यावर मांडलं तर पाच घरांत एकही एसएस नाही, सहा घरांत एक, तीन घरांत दोन आणि एका घरात चक्क तीन. त्या जोडीतली एक जण रडवेली झाली, खेळ आहे हे माहीत असून. ‘परत पिशवीत टाकायचे’ हे हाताला कळलं की चारात एकचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. या सगळ्याला पाऊण तास लागला, आणि खर्च शून्य.

चिंचोक्यांपेक्षा अवघड भाग दुसराच आहे, काय बोलायचं नाही हा. घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट एका खाटेवर बसून एकत्र वाचायचे नाहीत. आई-बाप दोघं एए (म्हणजे सिकलचा अंशही नाही) आणि लेकरू एएस असं कधी निघालं, तर ‘असं कसं?’ हा प्रश्न आशाताईच्या तोंडून चारचौघांत निघता कामा नये. नमुन्यांची अदलाबदल झालेली असू शकते, दुसरंही काही असू शकतं, आणि ते सोडवणं तिचं काम नाही. तिने गप्प राहून वर कळवायचं. ‘हे लग्न करू नका’ हेही तिने म्हणायचं नाही. लग्नाआधी दोघांची तपासणी करा, मग तुमचं तुम्ही ठरवा, एवढंच.

तज्ज्ञ हवाच, त्यावर वाद नाही. पण तो ज्या वेळेला उपयोगी पडतो ती वेळ आशाताईच्या हातात असते. गर्भातल्या बाळाची तपासणी वारेचा तुकडा घेऊन करायची तर ती साधारण अकराव्या आठवड्यापासून होते. त्याआधी बाईची टेस्ट, मग नवऱ्याची एचपीएलसी, मग दोघांचा निर्णय, मग प्रवास. आयसीएमआरचं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, हिमोग्लोबिनच्या आजारांचं केंद्र चंद्रपूरला आहे, पण पाचव्या महिन्यात तिथे पोचून पर्याय फार उरत नाहीत. ‘पाळी चुकली’ हे पहिल्यांदा कुणाला कळतं? तुम्हाला नाही, मलाही नाही.

गावातल्या बायांना हे झेपेल का, ही शंका गडचिरोलीत नवी नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत साध्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं, तेव्हाही हा डॉक्टरचा प्रांत होता. बालमृत्यू किती घटले ते १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि पुढे घरी जाऊन नवजात बाळ तपासणं देशभरातल्या आशांच्या कामात आलं. पण त्या बायांना महिनोन्‌महिने शिकवलं होतं, पाठीशी माणूस होता. आमच्याकडे सिकलसाठी अर्धा दिवस मिळतो, त्यातही एक तास उद्घाटनाचा.

कामाच्या डोंगराबद्दल तुमच्याशी भांडणच नाही. या कामाचे पैसे वेगळे मिळाले पाहिजेत आणि एखादं रजिस्टर कमी झालं पाहिजे. हे मागच्या लेखात यायला हवं होतं, राहून गेलं.

निवृत्तीनंतर नागपुरात असता असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या आशाताईंची दोन दिवसांची बैठक आहे. थॅलेसेमियाचा तो भाग मी शिकवला तर परत चुकेन, तुम्ही आलात तर बरं होईल. चिंचोके मी आणते. फक्त थॅलेसेमियाचा ठिपका कोणत्या रंगाचा लावायचा ते आधी कळवा.