‘शेवटपर्यंत कसा’ हे कोणत्या चाकूला लागू: निपाणीच्या वाचकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

घडीचा चाकू खोलून, साफ करून, पुन्हा जोडून त्याला धार लावण्याविषयी मी जे लिहिले, त्यावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की चाकू ही खोलत बसण्याची वस्तू नव्हे, तेलाचे दोन थेंब सोडले की भागते. मी सांगितल्याप्रमाणे पिव्हटचा, म्हणजे पाते ज्या आसावर फिरते त्याचा, स्क्रू शेवटपर्यंत कसल्यावर आपल्या चाकूचे पाते जागचे हलेना आणि शेवटी पक्कड लावून उघडावे लागले. आणि घरात निसणा व दारात धारवाला असताना हिऱ्याचा चुरा बसवलेल्या धार लावायच्या प्लेटवर दोन संध्याकाळी घालवणे हा निव्वळ हौसेचा मामला आहे. यातला मधला मुद्दा सर्वांत गंभीर आहे आणि त्यात चूक माझी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी ज्या चाकूवर लिहिले तो अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉइझी येथे बनणारा, दक्षिण आफ्रिकेतून तिकडे स्थायिक झालेल्या ख्रिस रीव्ह यांच्या रचनेचा ‘सेबेन्झा’ आहे. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ ‘काम’. भाच्याने दिला नसता तर चारशे डॉलरहून अधिक किमतीचा चाकू मी जन्मात विकत घेतला नसता, हेही आधीच कबूल करतो. या चाकूत पिव्हटच्या स्क्रूभोवती एक बुश, म्हणजे छोटी पोकळ नळी, असतो आणि पाते त्या बुशवर फिरते. पात्याची जाडी आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या फॉस्फर ब्राँझच्या वॉशरांची जाडी यांची जी बेरीज होते, तिच्यापेक्षा बुशची लांबी अगदी किंचित, मायक्रॉनमध्ये मोजावी एवढीच जास्त ठेवलेली असते. स्क्रू कसत गेलो की मुठीच्या दोन्ही पट्ट्या बुशच्या टोकांना येऊन टेकतात आणि तिथेच थांबतात. त्यानंतरचा सगळा ताण बुश सोसतो, पात्यापर्यंत तो पोचत नाही. म्हणून असा चाकू शेवटपर्यंत कसूनही मोकळा फिरतो आणि पाते डुगडुगतही नाही. हा सगळा करामतीचा भाग कारखान्यातच बुश घासून नेमक्या मापाला आणताना होऊन गेलेला असतो. आपल्या हाती फक्त कसणे उरते.

आपल्या वर्णनावरून आपल्या चाकूत असा बुश नाही. त्यात पाते थेट पिव्हटवर फिरते आणि पट्ट्या किती जवळ याव्यात हे स्क्रूच ठरवतो. सायकलच्या चाकाच्या आसावर जो शंकूच्या आकाराचा नट, म्हणजे ‘कोन’, असतो, त्याचे जसे असते तसेच हे आहे. कोन पूर्ण आवळला की चाक जाम होते, सैल सोडला की चाक डुलते. सायकल दुकानातला पोरगा आधी आवळतो, मग जरासा मागे घेतो आणि लॉकनट मारून ती जागा पक्की करतो. बिनबुशाच्या चाकूतही स्क्रू जरासा मागेच घ्यावा लागतो आणि लॉकनटचे काम निळे लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, करतो. हा फरक मी त्या लेखात एका ओळीनेही सांगितला नव्हता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या टूलरूममध्ये सव्वीस वर्षे काढलेल्या माणसाकडून ‘कोणत्या रचनेला’ हे न सांगता ‘पूर्ण कसा’ असे लिहिले जावे, ही गोष्ट मला खटकली. माझे पहिले उस्ताद असते तर ‘ड्रॉइंग बघितलंस काय आधी?’ एवढेच विचारून पाठ फिरवली असती.

आता आपला चाकू दुरुस्त कसा करावयाचा ते सांगतो. पक्कड लावून उघडला असल्यामुळे वॉशर वाकले असण्याची शक्यता धरून चालावे. पात्याच्या धारेवर कागदी चिकटपट्टी गुंडाळा, पांढरे कापड अंथरा आणि जे जे निघेल ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, ज्या बाजूचे त्याच बाजूला मांडत जा. दोन वॉशर सारखेच दिसले तरी त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका, कारण वापरातून प्रत्येक वॉशर आपल्या जागेला बसलेला असतो. वॉशर काचेवर ठेवून बोटाने कडा दाबून पाहा. टकटक वाजला तर तो वाकलेला आहे. सहाशे नंबरचा पॉलिश पेपर काचेवर ओला करून त्यावर बोटाच्या अगदी हलक्या दाबाने तो गोल गोल फिरवला, तर फुगीर जागा आधी घासल्या गेलेल्या दिसतात आणि मग हळूहळू सगळा वॉशर एकसारखा निस्तेज होतो. तसा झाला की थांबा. जोडताना मुठीचे बाकीचे स्क्रू आधी कसा आणि पिव्हट सर्वांत शेवटी जुळवा, कारण मुठीचे स्क्रू आवळले जाताना पट्ट्या थोड्या सरकतात आणि आधी जुळवलेला पिव्हट पुन्हा बिघडतो. पाते उघडून टोकाला आडवे हलवून पाहावे, डुगडुगणे ज्या क्षणी थांबेल तिथे हात रोखावा, आणि पाते जड फिरत असेल तर स्क्रू फिरवायची की केसभर मागे घ्यावी.

की कोणती, हेही इथेच सांगून टाकतो, कारण माझा स्वतःचा एक स्क्रू यातच गेला आहे. आमच्या पिढीतल्या फिटरांच्या तोंडी अजून ‘सूत’ हे माप आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३.१७५ मि.मी. अशा इंची खाचेत ३ मि.मी.ची अ‍ॅलन की सहज जाते, हाताला बसल्यासारखीही वाटते, आणि जोर पडला की खाचेचे सहा कोपरे गोल करून टाकते. अमेरिकन चाकूला इंची कीच वापरावी आणि स्क्रू हलत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचे टोक त्याच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवून लॉकटाइट मऊ होऊ द्यावे.

‘खोलायचेच कशाला’ या आपल्या प्रश्नात मात्र मला अर्धेच तथ्य दिसते. उगाच दर आठवड्याला खोलू नये, हे मान्य. पण मागच्या मे महिन्यात खानापूरकडच्या पाहुण्यांच्या परड्यातला फणस मी याच चाकूने कापला, तेव्हा घाईत पात्याला तेल लावायचे राहून गेले. वरचा चीक मी पुसला. पिव्हटमध्ये शिरलेला चीक दुसऱ्या दिवशी रबरासारखा झाला आणि पाते उघडताना मध्येच अडकून पुन्हा सुटू लागले. आपण म्हणता तसे खोबरेल तेल मी आधी सोडून पाहिले. तेलाने चीक मऊ होतो हे खरेच आहे, आपल्या घरांतून विळीला आणि हातांना तेल लावूनच फणस फोडतात ते त्यासाठीच. पण मऊ झालेला चीक वॉशर आणि पाते यांच्या मधून बाहेर यायला वाट नसते. तो तिथेच राहतो, त्यात तांबड्या मातीची धूळ मिसळते, आणि तेलात कालवलेली ती धूळ वॉशरला पॉलिश पेपरसारखी घासत राहते. खोलल्यावर एका वॉशरवर नखाला लागेल अशी गोल रेघ मला दिसली. रॉकेलच्या बोळ्याने पाच मिनिटांत सगळे निघाले. खोलल्याशिवाय ते निघाले नसते.

शिवाय वरून सोडलेले तेल हवे तिथेच थांबत नाही. मुठीच्या पट्टीतूनच कापून काढलेला जो टायटॅनियमचा पट्टा उघडलेल्या पात्याच्या बुडाला मागून आधार देतो, तोच या चाकूचे कुलूप. घर्षण हा त्याच्या पकडीचा मोठा भाग आहे. टेकण्याच्या त्या जागेवर तेल उतरले तर कुलूप सरकू शकते, आणि सरकले तर पाते बोटांवर मिटते. ग्रीस वॉशरांना लावावे, बोटाला लागेल न लागेल इतके. कुलपाची टेकण्याची जागा कोरडी पुसून ठेवावी.

आता धार. धारवाल्याविषयी मी तुच्छतेने लिहिले असे आपल्याला वाटले. ते माझ्या मनात नव्हते. आमच्या घरची विळी, खुरपी आणि नारळ सोलायचा कोयता आजही गल्लीत येणाऱ्या धारवाल्याच्याच चाकावर जातात आणि उत्तम कापतात. प्रश्न पोलादाचा आहे. माझ्या चाकूचे पाते एस-३५-व्हीएन या पोलादाचे आहे. त्यात सुमारे १४ टक्के क्रोमियम, ३ टक्के व्हॅनेडियम आणि अर्धा टक्का निओबियम असते. यातले व्हॅनेडियम कार्बनशी जोडले जाऊन व्हॅनेडियम कार्बाइडचे अतिशय कठीण असे बारीक कण तयार होतात. आपला पारंपरिक कुरुंद म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. विकर्स मापाने त्याचे काठिण्य सुमारे दोन हजार भरते आणि व्हॅनेडियम कार्बाइडचे सुमारे अठ्ठावीसशे. म्हणजे दगड पोलाद कापतो, क्रोमियमचे कणही कापतो, पण व्हॅनेडियमचे कण कापू शकत नाही; त्यांच्या आजूबाजूचे पोलाद झिजवत राहतो. निसण्यावर अशा पात्याला धार येतच नाही असे मी म्हणणार नाही. येते, पण फार वेळाने, आणि बारीक दगडावर गेल्यावर तर पाते नुसते घसरल्यासारखे वाटते. हिऱ्याला हा भेद कळत नाही, तो दोन्ही कापतो. मला दोन संध्याकाळी लागल्या त्या माझ्या हाताच्या मंदपणामुळे. प्लेटवर प्रत्यक्ष काम पाऊण तासाचे होते.

कोरड्या चाकाची भीती वेगळी आहे. धारेचे टोक इतके पातळ असते की चाकावर ते क्षणात तापते आणि पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे तापवून-थंड करून आणलेले काठिण्य, तेवढ्या कडेपुरते उतरते. ‘निळे पडले नाही, म्हणजे जळले नाही’ असे आपण लिहिले आहे. साध्या कार्बन पोलादाला हा आडाखा बरा आहे. स्टेनलेसवर मात्र तेच रंग बऱ्याच जास्त तापमानाला उमटतात, त्यामुळे रंग दिसायच्या आतच धार नरम झालेली असू शकते. मग ती लवकर बोथट होते आणि आपण पोलादाला नावे ठेवतो.

कोन कसा मोजला, हेही आपण विचारले होते. मी प्रत्येक बाजूला २० अंश धरतो. पात्याची रुंदी २८ मि.मी. असेल तर पाठ प्लेटपासून सुमारे साडेनऊ मि.मी. वर राहिली पाहिजे. तेवढ्या जाडीची लाकडी पाचर करून घेतली की डोळ्यांना अंदाज येतो. मग धारेच्या उतारावर काळ्या मार्करने रेघ ओढावी आणि दोन हात मारून पाहावे. शाई फक्त वरच्या कडेची गेली तर कोन लहान पडतो, फक्त धारेलगतची गेली तर मोठा. चारशे नंबरच्या प्लेटवर एक बाजू घासत असताना दुसऱ्या बाजूला टोकापासून बुडापर्यंत बर, म्हणजे घासून वळलेली पोलादाची बारीक कड, उभा राहिला पाहिजे. अंगठा धारेकडून बाहेर, आडवा सरकवला की तो खरखरीत लागतो. कित्येकांची धार फसते ती इथे, कारण मधल्या भागात बर आला की ते पाते उलटतात आणि टोकाकडची बोटभर जागा तशीच बोथट राहते. सहाशे आणि बाराशेवर दाब कमी करत जायचे, इतकेच. शेवटचा हात मी चामड्यावर फिरवतो. ते चामडे अथणीच्या एका चप्पल कारागिराकडून आणलेले, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले आहे, आणि त्यावर एक मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट चोळली की उरलेला बर निघून जातो. चामड्यावर पाते नेहमी पाठीच्या दिशेने ओढावे. पहिल्या दिवशी मी सवयीने उलटे ढकलले, तो काप त्या चामड्यावर अजून आहे.

मूळ लेखातले ‘शेवटपर्यंत कसा’ हे वाक्य मी आज बदलले असून त्याआधी बुशचा खुलासा घातला आहे. आपला चाकू जोडून झाला की पिव्हटच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा एकच थेंब, तोही टाचणीच्या टोकाने लावा, म्हणजे तो वॉशरवर ओघळणार नाही. पूर्ण धरायला त्याला २४ तास लागतात, तोवर चाकूची उघडझाप करू नये. घरात फणस आणून ठेवला असेल तर तो सध्या विळीवरच होऊ द्या.