कोल्हापुरात एका रात्रीत कोणालाही घरी बसवले नव्हते

‘शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला एका फटक्यात सगळ्या ब्राह्मणांना नोकरीतून काढले, इंग्रजांच्या सांगण्यावरून, आणि जागा फक्त मराठ्यांना वाटल्या.’ दरवर्षी जून-जुलैत हा मजकूर फिरतो. काही जण तो शिव्या देत पाठवतात, काही जण अभिमानाने. यंदा तो घरच्या ग्रुपवर आला, खाली मोठ्यांचे अंगठेही पडले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आधी 26 जुलै 1902 चा हुकूम वाचा. तो करवीर (कोल्हापूर) सरकारच्या गॅझेटात छापलेला आहे, कोणाच्या आठवणीतला नाही. हुकूम पोहोचल्या तारखेपासून ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांतल्या शेकडा 50 मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. ज्या ऑफिसात या वर्गांचे अंमलदार निम्म्याहून कमी असतील, तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने झालेल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक सरकारकडे पाठवायचे. कामावर असलेल्या माणसाला हात लावणारे एकही कलम यात नाही.

आता हिशोब करा. दहा जागांचे ऑफिस, त्यात नऊ ब्राह्मण. चौघे निवृत्त होईपर्यंत किंवा बदलून जाईपर्यंत तिथे निम्मे-निम्मे होत नाही. याला वर्षे लागतात, आणि लागलीच. 1894 मध्ये महाराजांच्या हाती कारभार आला तेव्हा दरबारच्या 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते. 1912 मध्ये जागा 95 झाल्या होत्या आणि ब्राह्मण 35 उरले होते. अठरा वर्षांत 25 कमी, म्हणजे वर्षाला सरासरी दीडही नाही. ब्राह्मणेतर 11 चे 60 झाले, त्यात 24 जागांची वाढच होती. सगळ्यांना 1902 मध्येच काढले असेल तर दहा वर्षांनी हे 35 आले कुठून?

खरी गोम तिमाही पत्रकात आहे, आणि फॉरवर्डवाल्यांना तिचा पत्ताच नाही. नुसता टक्का ठरवून दिला तर खातेप्रमुख ‘लायक माणूस मिळत नाही’ म्हणून मोकळा होतो. दर तीन महिन्यांनी नेमणुका कळवायच्या म्हटल्या की ही पळवाट अरुंद होते.

‘फक्त मराठे’ हेही त्याच गॅझेटात खोटे पडते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढे गेलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागासलेले, अशी व्याख्या हुकमातच आहे. जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य सगळे त्यात येतात. आणि दिवाण रघुनाथराव सबनीस स्वतः प्रभू, म्हणजे सवलतीबाहेरचे. त्यांनाही कोणी काढले नाही. एवढे मात्र कबूल करावे लागेल की सुरुवातीला अस्पृश्यांच्या पदरात यातून फारसे पडले नाही. कारकुनीला लिहिता-वाचता यावे लागते, आणि सर्वांच्या शाळांची दारेच बंद तर उमेदवार आणायचा कुठून? वसतिगृहे, 1917 चे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सरकारी शाळांत घेणे, महारांना तलाठ्याच्या जागा, वकिलीच्या सनदा, हे सगळे त्या कमतरतेवरचे उपाय होते.

इंग्रजांनी करवून घेतले? मग शेजारच्या साताऱ्यात, बेळगावात त्यांचाच अंमल होता, तिथे 1902 मध्ये असे टक्के का ठरवले नाहीत? मद्रास इलाख्यातला जातवार नेमणुकांचा सरकारी आदेशसुद्धा 1921 चा. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे महाराजांचे धर्मविधी वेदमंत्रांनी करायला ब्राह्मण पुरोहितांनी नकार दिला त्या वादात, इंग्रजांचे कोल्हापुरातले प्रतिनिधी, पोलिटिकल एजंट फेरिस, महाराजांच्या बाजूने होते आणि राजोपाध्यांचे, म्हणजे राजपुरोहितांचे, अपील मुंबई सरकारने फेटाळले, हे खरे. त्या प्रकरणाचा कडवटपणाही ताजा होता, नाही कोण म्हणतो. पण पाठिंबा मिळणे वेगळे आणि हुकूम लिहून मिळणे वेगळे. भास्करराव जाधव या शिकलेल्या मराठा तरुणाची दरबारातली नेमणूक 1895 ची आहे, वेदोक्ताचा वाद पेटण्याच्या आधीची.

हुकूम ‘लंडनहून रागाच्या भरात’ काढला, असेही त्या मजकुरात म्हटले आहे. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत होते, एवढेच त्यात खरे. टक्का, व्याख्या आणि पत्रकाची सोय असलेला हुकूम रागाच्या भरात निघत नसतो.

राधानगरीचे धरण ‘महाराजांनी बांधून पूर्ण केले’ हेही त्याच मजकुरात घुसडले आहे. काम त्यांनी सुरू केले, पण पैशाअभावी ते रखडले. 1922 मध्ये महाराज गेले तेव्हा ते अपुरेच होते आणि पूर्ण झाले स्वातंत्र्यानंतर.