उणे दोन अंशांत केळीवाला

दुबईहून आल्यापासून टपरीवर माझी रोज हजेरी घेतली जाते. "येडा झाला का भो तू? वाळवंटात जाऊन बर्फ पाह्यला? काश्मीर काय पळून चाललं होतं?" एक जण तर म्हणाला, पैसे जास्त झाले असतील तर आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एक रात्र झोपू द्यायचो तुला, चहासकट. हसून घेतलं. पण आता जरा सविस्तर बोलतोच.

मी रावेर तालुक्यातला केळीवाला. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश आणि जानेवारीत पहाटे सात-आठ. लोकांना फक्त भुसावळचं ऊन माहीत असतं, सातपुड्याच्या पायथ्याची थंडी माहीत नसते. तिकडे नंदुरबारमध्ये डाब-तोरणमाळला तर दवबिंदू गोठतात, दरवर्षी पेपरात फोटो येतो. शहरातली माणसं थंडी पडली की स्वेटर काढतात, भरीत पार्टीचे बेत करतात. भरीत आम्हीही करतो, बामणोदची वांगी काड्यांवर भाजून, बडगीत कुटून. पण घास हातात असतानाही डोळा थर्मामीटरवर असतो. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थबकते, पानं पिवळी पडतात, निसवणारा, म्हणजे बाहेर येऊ लागलेला घड पोग्यातच, मधल्या गुंडाळलेल्या पानातच अडकतो. तयार मालाच्या सालीवर चरका, म्हणजे थंडीचे काळपट डाग येतात आणि व्यापारी लगेच भाव पाडतो. मग रात्री उठून बागेला पाणी सोडा, बांधावर पाचोळा पेटवून धूर करा. पीकविम्यातसुद्धा सलग तीन दिवस आठ अंश किंवा त्याखाली असा हिशेब असतो. म्हणजे थंडी आमच्याकडे कागदावर मोजली जाते, अंगावर नाही.

या माणसाला जानेवारीत मावसभावानं शारजाला बोलावलं. बायको, अकरा वर्षांची पोरगी आणि माय, असे चौघं निघालो. आमची केळी तर आमच्याही आधी तिकडे पोचलेली, कंटेनरमध्ये साधारण तेरा-साडेतेरा अंशांवर, आरामात. आम्ही मागून गेलो, बिनएसीच्या रिक्षातून स्टेशन गाठून.

टपरीवर ज्या बर्फावरून हसतात तो स्की दुबईतला. ही बर्फावर घसरायची बंदिस्त जागा, एका मॉलच्या पोटात आहे. २००५ साली सुरू झालं. साडेबावीस हजार चौरस मीटर जागा, ८५ मीटर उंचीचा बर्फाचा डोंगर, पाच उतार, त्यातला सर्वात लांब ४०० मीटरचा. आतलं तापमान शून्याच्या खाली एक-दोन अंश. बर्फ खरा आहे, हे आधी सांगतो, कारण गावात निम्म्या लोकांना वाटतंय की थर्माकोल होता. गार हवेत पाण्याचे बारीक तुषार उडवतात, ते खाली पडेपर्यंत गोठतात. भिंती जाड उष्णतारोधक. दार उघडं राहिलं की पैसे गेले, हे गणित केळीवाल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मी आत शिरल्यावर आधी दाराची पॅकिंगच बघितली. बायकोनं कोपरानं ढोसलं.

जाकीट, पँट, जाड बूट तिथेच मिळतात. मायनं नऊवारीवर पँट चढवायला साफ नकार दिला. अर्धा तास वाटाघाटी झाल्या. शेवटी लुगडं आत खोचून, वर जाकीट, डोक्यावर पदर आणि त्यावर टोपी अशा थाटात ती बर्फात उतरली. खाली वाकून मूठभर बर्फ उचलला, वास घेतला आणि म्हणाली, "याले तं आपल्या कोल्ड स्टोरेजचाच वास येतो." मग तो बर्फ माझ्या मानेत घातला. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं.

ज्याला स्कीइंग येत नाही त्याला थेट मोठ्या उतारावर सोडत नाहीत, आधी शिकवणी घ्यावी लागते. पोरीनं घेतली. शिकवणारा म्हणाला, थांबायचं असेल तर पायातल्या पट्ट्यांची टोकं समोर जुळवून पिझ्झ्याच्या तुकड्यासारखा आकार करायचा. पोरीला लगेच कळलं. मी पिझ्झा करेपर्यंत जाळीपर्यंत पोचलो होतो. मग मुकाट्यानं घसरगाडीकडे वळलो, ती बसून चालते. पेंग्विनही पाहिले, राजा आणि जेंटू अशा दोन जातींचे. २०१२ पासून आहेत तिथे. ते आमच्यापेक्षा जास्त रुळलेले वाटले.

आणि नेमकं तेव्हाच, घसरगाडीच्या रांगेत, भावाचा मेसेज आला. बागेतल्या थर्मामीटरचा फोटो. रात्रीचा पारा सात अंशांवर. खाली एकच ओळ: पाणी सोडलंय, तू मजा कर.

मी उणे दोन अंशांत उभा होतो आणि मला धडकी भरली सातची! तिथे उभं राहून माझ्या लक्षात आलं की उभ्या आयुष्यात आत्तापर्यंत थंडीचा आनंद असा मी घेतलाच नव्हता. इथल्या थंडीनं कुणाचा घड अडकणार नव्हता, कुणाचा भाव पडणार नव्हता. नुसती गार हवा, लाल नाकं आणि खिदळणारी माणसं. टपरीवरचे म्हणतात थंडी विकत घेतली. हो, घेतली. जी फुकट मिळते तिची किंमत आम्ही दर हिवाळ्यात घडांनी चुकवतो. काश्मीरला जायलाही हरकत नाही, पण मायच्या गुडघ्यांना गुलमर्ग झेपणार नाही. मॉलची फरशी झेपली.

एक गोष्ट मला टोचली, तीही सांगतो. जिथे पिण्याचं पाणीही बहुतेक समुद्राचं गोडं करून आणावं लागतं, तिथे ते गोठवून त्यावर घसरायचं, ही चैन आहे. पाण्याच्या पाळीसाठी रात्र जागवणाऱ्याला ते दिसतंच. तरी मी गेलो, परत संधी मिळाली तर परत जाईन. उगाच साधुत्व कशाला दाखवू?

खरं तर मला जास्त आवडली ती वाळूवरची घसरण. लहबाबच्या लाल टेकड्यांवर मावसभाऊ घेऊन गेला. पायाखाली फळी, तळाला मेण चोळलेलं. वाळूला बर्फासारखा गुळगुळीतपणा नाही, त्यामुळे मेण नसेल तर फळी जागची हलत नाही. आणि वर न्यायला पाळणाही नाही. दोन पावलं चढा, एक खाली सरका. टेकडीची एक बाजू सावकाश चढते आणि दुसरी, वाऱ्याच्या आडोशाची, एकदम कोसळते. तिचा उतार साधारण ३४ अंशांच्या आसपास. त्याहून जास्त कोरडी वाळू उभी राहतच नाही, ढासळते. खळ्यावर ज्वारीची रास ओतली की कशी आपोआप शंकू धरते, तसंच. हे मी पोरीला समजावून सांगत होतो तोवर ती खाली पोचलीसुद्धा. तोंडात वाळू, पण उभी!

सूर्य बुडाला आणि तासाभरात वाळू पायाला गार लागायला लागली. आभाळ स्वच्छ, हवा कोरडी, वारा पडलेला. दिवसभराची धग सरळ वर निघून जाते, धरून ठेवायला ढग नाहीत. अशीच रात्र असली की आमच्या गावात विहिरींवरच्या मोटारी सुरू होतात. इथे लोकांनी शेकोटी पेटवली, ती नुसती शेकायला. मायनं शेकोटीजवळ बसून विचारलं, इथं वांगी भेटतील का.

कधी जावं, असं दोघा-तिघांनी विचारलंय. माझं मत डिसेंबर-जानेवारी. तेव्हाच वाळूही मिळते आणि बर्फही. उन्हाळ्यात दिवसा त्या टेकड्यांवर पाय ठेवणं म्हणजे तव्यावर भाकरी होणं, मग नुसता मॉलच उरतो.

मायला हे पटत नाही. घरी आल्यावर तिनं शेजारणींना जाकिटातला फोटो दाखवला आणि मला बजावलं, "पुढच्या टायमाले मे महिन्यात ने. जानेवारीत काय, थंडी घरी बी भेटते."