शेजारच्या काकूंनी कर्जावर सही केली होती का?

सकाळचे पावणेसात. बाबा डेअरीवर दूध घालायला रांगेत उभे, तेवढ्यात फोन आला. "पोरीला इंजिनिअर केलंत ना? मग पैसे कोण भरणार? गावात येऊन सगळ्यांना सांगू?" फोनवरचा आवाज रांगेतल्या चौघांनी ऐकला. बाबा घरी आले आणि कुणाशी काही न बोलता गोठ्यात जाऊन बसले.

कर्ज माझं आहे, शिक्षणासाठी घेतलेलं, चार लाखांचं. तारण नव्हतं, पण सहकर्जदार म्हणून बाबांची सही होती. शिकत असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नव्हता, व्याज मात्र चढत होतं. मग पुण्यातली नोकरी गेली, चार हप्ते थकले. नव्वद दिवस उलटले, खातं एनपीए (म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, बुडीत) झालं आणि शाखेऐवजी बँकेने नेमलेल्या वसुली एजन्सीचे फोन सुरू झाले.

हप्ते थकले ही माझी चूक, ती मी नाकारत नाही. बाबांची सही आहे, त्यांच्याकडे पैसे मागायचा बँकेला हक्क आहे, हेही मान्य. पण मामाला फोन? शेजारच्या काकूंना? त्यांनी कुठे सही केली होती?

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ ला परिपत्रक काढलं होतं. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, घरच्यांना आणि मित्रांना त्रास नाही. आणि एजंट कसाही वागला तरी जबाबदार बँकच. हे शेवटचं वाक्य मी शाखेला पाठवलेल्या ईमेलमध्ये सगळ्यात वर लिहिलं. खाली कॉलच्या तारखा, वेळा, रेकॉर्डिंग. पुढच्या फोनला एजंटचं नाव आणि बँकेचं अधिकारपत्र मागितलं, त्याने फोन ठेवला.

बाविसाव्या दिवशी बँकेचं उत्तर आलं. फोन थांबले, हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळाली. ३० दिवसांत उत्तर आलं नसतं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) ऑनलाइन तक्रार करणार होते. त्या तक्रारीला एक रुपयाही लागत नाही.

ज्यांच्या घरी असे फोन येतायत त्यांनी घाबरून एजंटच्या नंबरवर पैसे टाकू नका, भरायचे ते थेट कर्जखात्यातच भरा. माझ्या ईमेलचा मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, मराठीतच आहे.

बाबा डेअरीवर जाताना अजूनही फोन घरीच ठेवतात.